देशाने काल किती गॅस वापरला, हे कळतं कसं?

म्हापशाच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर गॅसचा मीटर बसला, तेव्हा शेजारच्या काकू बघायला आल्या. काळ्या आणि तांबड्या आकड्यांकडे थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "सिलिंडर चाळीस दिवस पुरायचा, ते मला पाठ होतं बाय. आता हे घनमीटर म्हणजे नेमकं किती?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. १४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढीच पाइपातल्या साधारण १७ ते १८ घनमीटर गॅसमध्ये असते. हे दोन गॅस वेगळे आहेत. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन, पाइपातून येतो तो मुख्यतः मिथेन. पहिला हवेपेक्षा जड, दुसरा हलका. वर्तमानपत्रात 'गॅसचा तुटवडा' असं वाचलं की आपण लगेच सिलिंडर आठवतो, पण देशाच्या नैसर्गिक वायूच्या हिशेबात तो सिलिंडर येतच नाही, त्याची वही वेगळी.

काकू गेल्या आणि मी त्याच मीटरसमोर दुसऱ्याच प्रश्नात अडकले. भारत दिवसाला साधारण साडेअठरा कोटी घनमीटर नैसर्गिक वायू वापरतो, असं आपण सहज वाचून जातो. हा आकडा आला कुठून? गॅस दिसत नाही, ढिगाने रचून ठेवता येत नाही, वजनकाट्यावर सहज चढत नाही. देशभरातल्या विहिरी, जहाजं, पाइप, कारखाने, पंप आणि खिडकीखालचे मीटर यांची बेरीज कोण करतं, आणि ती जुळते का?

आधी मापाचीच अडचण पाहू. आमच्याकडे भात कुडवाने मोजत. कुडव भरताना हात आपटून, दाबून भरला तर चार मुठी जास्त बसतात. म्हणून मापाच्या कडेवरून काठी सपाट फिरवायची रीत होती. गॅसच्या बाबतीत ही अडचण कितीतरी पटींनी मोठी होते. मुख्य पाइपलाइनमध्ये तो वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली धावतो, काही ठिकाणी ऐंशी-नव्वद पट. तोच गॅस आपल्या शेगडीपाशी येतो तेव्हा वातावरणापेक्षा जेमतेम २ टक्के जास्त दाबाचा असतो. म्हणजे पाइपातला एक घनमीटर आणि शेगडीजवळचा एक घनमीटर यांत गॅस वेगवेगळा भरतो. त्यात उष्णतेने तो फुगतो.

म्हणून सगळ्यांनी एक ठरवलेली स्थिती मानायची: तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब एका वातावरणाएवढा. गॅस प्रत्यक्षात कसाही असो, 'या स्थितीत तो किती जागा व्यापला असता' ते काढायचं. त्याला प्रमाण घनमीटर म्हणतात, बिलावर 'एससीएम' लिहिलेलं असतं ते हेच.

गोव्यातलं उदाहरण घेऊन मी हा हिशेब करून पाहिला. मे महिन्यात मीटरमधल्या गॅसचं तापमान ३३ अंश आहे असं धरा. मीटरच्या आतून १०० घनमीटर गेले. तापमानाची दुरुस्ती केली तर ते ९४ प्रमाण घनमीटर होतात. किंचित जास्त दाबामुळे पुन्हा दोनेक वाढतात आणि शेवटी ९६च्या आसपास येतात. मोठ्या गिऱ्हाइकांच्या मीटरला ही दुरुस्ती करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र जोडलेलं असतं. घरगुती लहान मीटरमध्ये ते सहसा नसतं. एका घराला दोन-चार टक्क्यांनी काही होत नाही, पण लाखो घरांची बेरीज केली की शहराच्या वेशीवर मोजलेला गॅस आणि घराघरांत मोजलेला गॅस यांत फरक पडतो, आणि त्यात गळती असेलच असं नाही. 'हिशेबात न सापडलेला वायू' असा रकाना गॅस कंपन्यांच्या वहीत असतो. तो पाहून कोणी चोरी झाली असं म्हणायला धावू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

जागा कळली तरी काम संपत नाही. एका खोऱ्यातला गॅस आणि दुसऱ्या देशातून जहाजाने आलेला गॅस सारख्याच आकारमानात सारखी उष्णता देत नाहीत. मिथेनसोबत इथेन किती, नायट्रोजन किती, यावर ते ठरतं. म्हणून मोठ्या मोजणी केंद्रांवर गॅसचं पृथक्करण करणारी यंत्रं असतात, ती ठरावीक वेळाने नमुना घेऊन घटक सांगतात. देशात तुलना करताना एका घनमीटरला १०,००० किलोकॅलरी हे मानक धरतात. बाजारात किंमत मात्र घनमीटरवर नसून उष्णतेवर ठरते. तिचं एकक एमएमबीटीयू, आणि असं एक एकक म्हणजे साधारण २५ घनमीटर. यातला 'एमएम' म्हणजे हजार गुणिले हजार, अर्थात दहा लाख, आणि 'बीटीयू' हे उष्णतेचं ब्रिटिश एकक. भारतीय तक्त्यांमध्ये 'एमएमएससीएमडी' असं लांबलचक अक्षरजाळं दिसतं, त्याचा अर्थ एवढाच: दिवसाला दहा लाख प्रमाण घनमीटर. साडेअठरा कोटी म्हणजे १८५ एमएमएससीएमडी.

आता पुरवठ्याकडे. देशात गॅस निघतो तो मुंबई हायसारख्या समुद्रातल्या क्षेत्रांतून, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून, आसाम, त्रिपुरा, राजस्थान, गुजरातमधून. विहिरीतून वर आलेल्या सगळ्या गॅसला स्थूल उत्पादन म्हणतात. पण त्यातला काही गॅस तेलक्षेत्रावरच यंत्रं चालवायला लागतो, आणि काही सुरक्षेसाठी किंवा नाइलाजाने उंच नळीच्या टोकाला जाळून टाकावा लागतो. ते वजा केलं की उरतं ते निव्वळ उत्पादन, आणि बाजारात तेवढंच येतं. बातम्यांमध्ये हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. एकाच महिन्याचे दोन वेगळे आकडे दिसले तर आधी हे तपासावं.

२०२३-२४ मध्ये देशात साधारण ३६ अब्ज घनमीटर गॅस निघाला आणि ३१ अब्जांहून जास्त बाहेरून आला. म्हणजे जवळजवळ निम्मा समुद्रमार्गे. त्याची मोजणी मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं पाण्यासारखं द्रव बनतं आणि जागा साधारण सहाशे पटींनी कमी लागते. हा द्रव, म्हणजे एलएनजी, घेऊन जहाज धक्क्याला लागलं की आधी टाक्यांमधली पातळी मोजतात, जहाज किती कललं आहे त्याची दुरुस्ती करतात, तापमान पाहतात, द्रवाच्या नमुन्यावरून घनता आणि उष्मांक काढतात. मग उतरवणं सुरू. संपल्यावर पुन्हा तीच मोजणी. दोन्हींतला फरक म्हणजे उतरलेला माल. पण एवढ्यावर भागत नाही. वाटेत द्रव सतत थोडा थोडा उकळत असतो आणि ती वाफ जहाजाच्या इंजिनात जळते, त्यामुळे परदेशी बंदरात भरलेला आकडा आणि इथे उतरलेला आकडा कधीच सारखे नसतात. टाक्या थंड राहाव्यात म्हणून तळाशी थोडा द्रव मुद्दाम ठेवून जहाज परत जातं. उतरवताना काही वाफ जहाजात परत सोडावी लागते, तीही वजा. वर सीमाशुल्क खात्याचा महिना कागदपत्रांच्या तारखेने ठरतो आणि टर्मिनलचा, म्हणजे एलएनजी उतरवून घेणाऱ्या केंद्राचा, महिना माल उतरल्याच्या तारखेने. महिन्याच्या ३१ तारखेला रात्री लागलेलं जहाज एका वहीत एका महिन्यात आणि दुसऱ्या वहीत दुसऱ्या महिन्यात पडू शकतं.

हे किरकोळ वाटेल. पण १ लाख ७० हजार घनमीटर द्रव घेऊन आलेलं एक जहाज म्हणजे साधारण दहा कोटी घनमीटर गॅस. सगळ्या देशाच्या अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वापर एका जहाजात. असं एक जहाज इकडचं तिकडे झालं की महिन्याची 'वाढ' किंवा 'घट' तयार होते.

गोव्याला सगळ्यांत जवळचं असं टर्मिनल रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला. तिथून निघालेली पाइपलाइन आपल्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने येत नाही. ती सह्याद्री चढून कोल्हापूर, बेळगाव, धारवाडकडून बेंगळुरूला जाते, आणि गोकाकला तिला फुटलेली फांदी घाट उतरून गोव्यात येते. हा गॅस २०१३ मध्ये झुआरीनगरच्या खत कारखान्यात पोचला. त्याआधी तो कारखाना नाफ्त्यावर, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या एका हलक्या द्रवावर, चालायचा. पुढे उत्तर आणि दक्षिण गोव्यात घरं, हॉटेलं, कारखाने आणि वाहनं यांच्यासाठी वेगवेगळ्या शहरी गॅस कंपन्या आल्या.

दाभोळला लाटा अडवणारा बांध पूर्ण नसल्यामुळे अनेक वर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नसत. तरी गोव्यातला कारखाना थांबत नसे, कारण दाभोळची लाइन उरण-पनवेलमार्गे गुजरातच्या जाळ्याला जोडलेली आहे. मग जुलैत झुआरीनगरला आलेला गॅस गुजरातमधल्या दहेज बंदरात लागलेल्या जहाजातला, की मुंबई हायचा, की आणखी कुठला? या प्रश्नाला अर्थ नाही, आणि मोजणीचं मर्म इथेच आहे.

आपल्याकडे देवळातल्या संतर्पणाला घराघरातून तांदूळ येतो. तो एकाच हंड्यात पडतो. आपल्या घरचा दाणा कोणाच्या पानात पडला हे कोणी शोधत नाही. पण किती तांदूळ आला, किती शिजला, किती शिल्लक राहिला, याची वही देवस्थानाकडे असते. पाइपलाइनचंही तसंच. कोणाचा रेणू कुठे गेला ते मोजत नाहीत. आत येणाऱ्या प्रत्येक तोंडाशी आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तोंडाशी मीटर असतो आणि मालकी कागदावर फिरते. मुख्य तोंडांवर बहुधा ध्वनिलहरींवर चालणारे मीटर असतात: गॅसच्या प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने लहरी सोडतात, दोन्हींना लागलेल्या वेळेतला अतिसूक्ष्म फरक मोजतात आणि त्यावरून वेग काढतात.

गॅसचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. भारतात तो सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत धरतात. आदल्या दिवशी प्रत्येकाने 'उद्या मी इतका आत सोडीन, इतका बाहेर घेईन' असं कळवायचं, आणि सहा वाजता ताळेबंद बघायचा. आत आलेला आणि बाहेर गेलेला गॅस जुळत नाही, कारण पाइप स्वतःच एक लांबलचक कोठार आहे. दाब वाढवला की त्यात जास्त मावतो. हंड्यात उरलेला भात तो हाच. अमेरिकेत जमिनीखाली प्रचंड साठवण आहे आणि दर गुरुवारी तिथल्या ऊर्जा माहिती खात्याकडून साठ्याचा आकडा जाहीर होतो, त्यावर बाजार हलतो. आपल्याकडे तशी भूमिगत व्यापारी साठवण नाही. टर्मिनलच्या टाक्या आणि पाइपातला गॅस, एवढाच आपला साठा. म्हणूनच आपल्या देशाचा हिशेब करताना एक सोय करता येते: निव्वळ उत्पादन अधिक आयात म्हणजे वापर, असं मानायचं. पेट्रोलियम मंत्रालयाचा पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेल, म्हणजे पीपीएसी, दर महिन्याला असेच तक्ते काढतो.

दुसऱ्या टोकाने, म्हणजे वापरणाऱ्यांकडून बेरीज करत आलं तर तोच आकडा यायला हवा. तो अगदी तसाच येत नाही. जो फरक उरतो त्याला सांख्यिकीय फरक म्हणतात, आणि तो उघड दाखवणाऱ्या तक्त्यावर माझा विश्वास जास्त बसतो. सगळं शून्याला शून्य जुळलेलं असेल तर कुणीतरी एखादा रकाना ओढूनताणून बसवला आहे, असं समजावं.

वापरणाऱ्यांमध्ये सगळ्यांत मोठा खत उद्योग, देशाच्या वापरात साधारण ३० टक्के. इथे गॅस नुसता जळत नाही. त्यातला हायड्रोजन काढून हवेतल्या नायट्रोजनशी जोडतात, अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. म्हणजे गॅस इथे कच्चा माल आहे. एक टन युरियाला साधारण सहाशे घनमीटर गॅस लागतो. डिचोलीच्या दुकानातून शेतकरी ४५ किलोची एक गोणी खांद्यावर घेऊन जातो, तेव्हा त्या गोणीत सत्तावीसेक घनमीटर गॅस गुंतलेला असतो. आमच्यासारख्या घराच्या स्वयंपाकाला तो जवळपास दोन महिने पुरतो. हे कळल्यावर एक गोष्ट उमगते: देखभालीसाठी एखादा खत कारखाना महिनाभर बंद राहिला तरी देशाच्या आकड्यात ते दिसतं, पण हजार नवीन घरं जोडली तरी दिसत नाही.

दुसरा मोठा रकाना शहरी गॅस वितरणाचा, साधारण पाचवा हिस्सा. हा रकाना फसवा आहे. वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्याचा बॉयलर, कळंगुटच्या हॉटेलचं स्वयंपाकघर, सीएनजीवर धावणारी टॅक्सी आणि माझी शेगडी, सगळे एकाच नावाखाली. त्यामुळे 'उद्योगांचा गॅसवापर' असा आकडा वाचताना शहरी कंपनीकडून घेणारे उद्योग त्यात आहेत का, हे विचारावंच लागतं. शिवाय सीएनजी किलोवर विकतात, तो घनमीटरमध्ये बदलावा लागतो. एका किलोला साधारण १.४ घनमीटर. आणि दुहेरी मोजणीचा धोका आहेच. आयात करणाऱ्याने शहरी कंपनीला विकलं, तिने मला विकलं, तर विक्री दोनदा झाली पण गॅस एकदाच जळला. म्हणून राष्ट्रीय हिशेबात शहरी गॅस वेशीवरच्या स्टेशनात, कंपनीने घेतला तिथेच मोजतात.

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसले ते. या तक्त्यांमध्ये जो मोजला जातो तो वापर. मागणी नव्हे. संतर्पणाच्या वहीत किती पानं उठली ते असतं. गर्दी बघून कितीजण पायरीवरून परत गेले ते नसतं.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्राचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये तिथून गॅस सुरू झाला, दिवसाला ८ कोटी घनमीटर येईल असा अंदाज होता. २०१० मध्ये तो सहा कोटींच्या आसपास पोचला आणि मग वर्षागणिक घसरत गेला. त्या अंदाजावर विसंबून गॅसवरची वीजकेंद्रं उभी राहिली होती. देशात अशी साधारण २५,००० मेगावॉट क्षमता झाली होती आणि तिचा मोठा भाग बराच काळ बसून राहिला. वापराच्या तक्त्यात ती केंद्रं जवळजवळ शून्य दिसतात. त्यांना गॅस नको होता का? परवडेल अशा दरात मिळाला असता तर त्यांनी तो घेतलाच असता.

दुसरं उदाहरण २०२२चं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोप मिळेल त्या दराने एलएनजी खरेदी करू लागला, आणि भारताची आयात वर्षभरात साधारण ३१ अब्ज घनमीटरवरून २६ अब्जांवर आली. मोरबीच्या टाइल कारखान्यांसारखे अनेक उद्योग प्रोपेनकडे वळले, काही नाफ्त्याकडे किंवा भट्टी-तेलाकडे. तक्ता म्हणतो वापर घटला. पण भट्ट्या पेटलेल्याच होत्या. गरज होती, या दराला ती गॅसने भागत नव्हती.

म्हणून मागणी मोजायची तर दर धरूनच मोजावी लागते: एक एमएमबीटीयू दहा डॉलरला मिळाला तर किती, सहा डॉलरला मिळाला तर किती. कोणत्या उद्योगाकडे दुसरं इंधन आहे, कोणाकडे नाही, पाइप कुठवर आला आहे, हे सगळं बघून अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज हा अंदाजच. देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा आजच्या सहा-सात टक्क्यांवरून २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे. ते वाचताना मला आमच्या वाड्यावरचा पोदेर, म्हणजे पाववाला, आठवतो. त्याची भट्टी लाकडावर पेटते, पहाटे त्याच भट्टीतले पाव आम्ही खातो. लाकूड महाग झालं, पाइप त्याच्या दारापर्यंत आला, दर जमला, तर तो उद्या गॅसचा गिऱ्हाईक होईल. आज कुठल्याही मीटरवर तो नाही. त्याला मागणीत धरायचं की नाही, हे आकडेवारी करणाऱ्याच्या निर्णयावर आहे, आणि अशा हजारो निर्णयांनी '२०३०ची मागणी' नावाचा आकडा बनतो.

पीपीएसीचे तक्ते कुणालाही बघता येतात. पाहाल तेव्हा आकड्याजवळ 'पी' हे अक्षर आहे का बघा. ते असेल तर आकडा तात्पुरता आहे, पुढच्या महिन्यांत बदलेल. आणि महिन्याची तुलना करताना दिवस मोजा. फेब्रुवारी २०२४ ला २९ दिवस होते, २०२३ च्या फेब्रुवारीला २८. रोजचा वापर तसूभरही वाढला नसता तरी महिन्याचा आकडा साडेतीन टक्क्यांनी वर गेला असता. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं बिलही आधी दिवसांनी भागायला हवं." आता त्या दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मीटरचा आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवतात.